समेट आणि सत्य

वाद मिटणे आणि वादाचा न्याय होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या गटांतील भांडणे वैकल्पिक वादनिवारणाने, म्हणजे औपचारिक सुनावणीबाहेरच्या मार्गांनी, सोडवू पाहणाऱ्याला हा भेद टाळता येत नाही. या मार्गांपैकी मध्यस्थीत तिऱ्हाईत दोन्ही बाजूंना बोलते करतो पण निर्णय त्यांच्यावरच सोपवतो, तर लवादात तिऱ्हाईताचा निवाडा दोघांवर बंधनकारक असतो. जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे काम चौघांपैकी दोघांनीच ओढले आणि अहवालावर मात्र चौघांची नावे आली, की ‘आपसांत मिटवून घ्या’ असे सांगणारा गाइडच अंतर्गत गुणही देणार असतो. त्यामुळे तिथे जिला मध्यस्थी म्हटले जाते ती बहुधा लवादच असते, आणि तोही कारणे न देणारा.

समेटाच्या बाजूने अनेकान्तवादाचा दाखला देता येतो. वस्तूला अनंत धर्म असतात, म्हणून कोणतेही एक विधान तिचा एखादाच पैलू सांगते, हा या जैन सिद्धान्ताचा गाभा आहे. मात्र त्यातील ‘स्यात्’ या पदाचा अर्थ ‘कदाचित’ असा लावण्याची चूक सर्रास होते. वस्तुतः ‘स्यात्’ म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’, आणि त्या अपेक्षेपुरते विधान निश्चितच असते. रात्ररात्र जागून सर्किट जुळवणारा आणि सर्वेक्षणासाठी गावे पालथी घालणारा असे दोघेही ‘खरे काम माझेच’ म्हणतात, तेव्हा दोन्ही विधाने आपापल्या अपेक्षेने खरी असतात आणि ती अपेक्षा उघड करणे हेच मध्यस्थाचे काम ठरते. पण जो फिरकलाच नाही त्याचा दावा कोणत्याच अपेक्षेने टिकत नाही. त्यालाही समान श्रेय देणे हा अनेकान्त नव्हे, ती निव्वळ वाटणी होय. कायदाही सरसकट समेट मानत नाही : लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार पीडितेने स्वतः मागणी केल्याशिवाय समेटाचा प्रयत्न करता येत नाही.

जळगावच्या जैन हिल्सवरील गांधीतीर्थ ज्यांच्या विचारांना वाहिलेले आहे, त्या गांधींच्या वकिलीतील पहिला मोठा खटला या दृष्टीने बोलका आहे. दक्षिण आफ्रिकेत व्यापारी दादा अब्दुल्ला आणि त्यांचे नातलग तय्यब शेठ यांच्यातील तंटा गांधींनी लवादाकडे नेला, निवाडा दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, आणि सुमारे ३७,००० पौंडांची रक्कम एकदम भरणे तय्यब शेठना अशक्य असल्याने गांधींनी हप्त्यांची सवलत मिळवून दिली. दोघांना लवादासाठी तयार करण्यापेक्षा ही सवलत मिळवणे अवघड गेले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. येथे आधी सत्य ठरले, नंतर सौम्यता आली, आणि देणे मात्र एका पौंडानेही कमी झाले नाही. प्रकल्पगटात अशा हप्त्यांचे रूप वेगळे असेल : न फिरकलेल्याने उरलेल्या चाचण्या आणि अहवालाची राहिलेली प्रकरणे तोंडी परीक्षेपूर्वी स्वतः पुरी करावीत, आणि अहवालात कोणी काय केले ते नावानिशी लिहिले जावे.