आपल्या हाती काय आहे?

चालता धंदा सोडून दुसरा धरावा की नाही, हा प्रश्न बल्लारपुराच्या आसपासच्या पुष्कळ घरांत वारंवार उभा राहतो. येथे १९४५ साली कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली, तेव्हा रानातील बांबूला नवे गिऱ्हाईक मिळाले. खाणीत पूर्वी कुदळ-फावड्याने होणारे पुष्कळसे काम आज यंत्रे करितात. अशा वेळी मनुष्य प्रथम विचारतो, ‘तेथे मजुरी किती मिळेल?’ तो प्रश्न गैर नव्हे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. देवाने मला काय दिले आहे?

याचे खोटे उत्तर दोन प्रकारांनी दिले जाते. उपासनेत शास्त्रपाठ चांगला वाचता आला, म्हणजे आपण उपदेशक झालो, असे एखाद्या तरुणास वाटते. हा गर्व. उलट, ‘मला अडाण्याला काय येते?’ असे म्हणून दुसरा हात झटकतो. यास लोक नम्रता म्हणतात. आमच्या मते ती दात्याविषयीची कृतघ्नता होय. रोमकरांस लिहिताना पौलाने प्रत्येकास स्वतःचे मोल समंजसपणे ठरविण्यास सांगितले आहे. अधिक नको, तसेच उणेही नको.

बुरूडकाम करणारा बंधू म्हणतो, ‘टोपल्या-सुपांपलीकडे मला काही येत नाही.’ परंतु बेटातील कोणता बांबू पक्का व कोणता कोवळा, हे तो पाहताच ओळखतो. एकसारख्या कामट्या काढण्यास नजरेचे माप लागते. बाजारात भाव सांगून गिऱ्हाइकाचा विश्वास टिकविणे ही तर निराळीच विद्या. पारख, माप, चिकाटी, सचोटी. इतके भांडवल असलेला मनुष्य रिकाम्या हाताचा कसा? चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्लीस बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र झाले, ते ह्याच विद्येचा मान राखून. मोशेच्या हातीही प्रथम काठीच होती.

मग पारख कशी करावी? आपल्या हातून आजवर काय नीट पार पडले, ते पाहावे. इच्छा नव्हे, फळ मोजावे. तोंडावर खरे बोलणाऱ्या दोघांस विचारावे. आपली स्तुती करणाऱ्यांस नव्हे. शेवटी, बुरूज बांधणाऱ्याप्रमाणे बसून खर्चाचा हिशेब करावा. शौलाचे चिलखत दाविदाने चढवून पाहिले, आणि ते आपणास सवयीचे नाही हे ओळखून उतरविले. त्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

येथे सुवार्तिकांच्या मनातील शंकेसही उत्तर दिले पाहिजे. सेवेची नोकरी सोडून हातकाम धरणे म्हणजे नांगराला हात घालून मागे पाहणे नव्हे काय? आम्हास तसे सरसकट म्हणवत नाही. पौल करिंथात तंबू करीत असे, आणि त्याचे प्रेषितपण त्यामुळे उणे झाले नाही. उलट बाजूने पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास पत्करिला. परंतु त्यांची भजने व कीर्तने मंडळ्यांस त्याआधी कित्येक वर्षे परिचित होती. ज्या दानाच्या भरवशावर ते निघाले, ते त्या दिवशी सापडलेले नव्हते. ते कसास लागलेले होते.

म्हणून आम्ही धंद्यापेक्षा हेतूकडे पाहतो. अवघड मनुष्य, कंटाळा किंवा कर्ज यांपासून पळणारा नव्या ठिकाणीही त्याच मनाने जातो. दिलेल्या दानास अधिक उपयोगी जागा शोधणारा मात्र टोपली विणो वा उपदेश करो, सेवकच राहतो. पारखीअंती कोणास जुन्याच कामात राहणे योग्य दिसले, तर तेही उत्तरच आहे. त्याने खाली मान घालू नये.

येत्या प्रभुवारी उपासनेनंतर घटकाभर बसावे, आणि ज्यास लिहिता येत नाही त्याने लेकराकडून लिहवून घ्यावे: माझ्या हाती काय आहे? त्या कागदावर खोटे काही नसावे, आणि दिलेले काही राहून जाऊ नये. प्रभू आम्हा सर्वांस तितका प्रामाणिकपणा देवो.