पाळकाच्या घरची रोजनिशी



कौंडण्यपुरीं वर्धेच्या कांठीं आम्ही दर रविवारीं उपदेश करितों. परंतु ती वाणी सोमवारीं आमच्या चुलीपाशीं टिकते काय? हें पाहावें म्हणून आम्ही घरच्या साध्या गोष्टींची रोजनिशी लिहूं लागलों, आणि पहिल्याच पानावर अडलों. त्या दिवशीं धाकट्याच्या हातून पाण्याचा माठ फुटला व आम्ही रागाच्या भरांत त्याला मारिलें. मागाहून कळलें कीं, तो आमच्याचसाठीं पाणी आणीत होता. हें लिहावें कीं गाळावें?

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं वारले. पुढें १९३४ पासून लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ पुस्तकरूपानें निघालीं. त्यांत पतीचा शीघ्रकोप त्यांनीं झांकिला नाहीं, आणि घरांत चणचण असतां दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची खोडही नाहीं. तें वाचून टिळकांविषयींचा आमचा आदर तरी उणा झाला नाहीं. पेत्राचा नाकारदेखील चारही शुभवर्तमानांत आहे. कोणीं खोडला नाहीं.

मात्र उपदेशक बंधूंनो, एक मर्यादा पाळा. मंडळींतील कोणीं विश्वासानें सांगितलेलें दुःख अशा वहींत येऊं नये. ती वही आपल्या दोषांची, शेजाऱ्याच्या नव्हे.

आम्ही आधीं मुलाजवळ गेलों, क्षमा मागितली, आणि मग लेखणी उचलिली. तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, “बरं बाबा, पण आतां नवा माठ कोण आणणार?”