वजनाला हरकत की भावाला?

निफाड तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा राहत होता. कांद्याच्या बाजार समितीत त्याने उभी हयात मापाडी म्हणून काढली. भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर यायची, तिचं वजन व्हायचं. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा ओतून रिकामी ट्रॉली परत यायची, तिचंही वजन व्हायचं. एकातून दुसरं वजा केलं की शेतकऱ्याच्या हातात काटापट्टी. काम एवढंच, पण या वजाबाकीवरून माणसं हातघाईवर येतात, हे त्याने रोज पाहिलं होतं.

त्याची नात घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी.चा निकाल लागला, पोरगी पास झाली, आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. रसायनशास्त्राच्या एका आणि गणिताच्या एका पेपरात गुण इतके कमी होते की पहिला वर्ग थोडक्यात हुकला. आईने पेढे आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते. ते आले आणि फडताळात तसेच राहिले. मामाचा फोन आला, आत्याचा आला. "किती पडले?" या प्रश्नाला घरातला प्रत्येक जण वेगळं उत्तर देऊ लागला. वर्गातल्या मुलींनी आपापल्या गुणपत्रिका व्हॉट्सॲप स्टेटसला लावल्या होत्या. ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवेना.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. वडील म्हणाले, "विद्यापीठावर केस टाकू." भाऊ म्हणाला, "वर्गातले सगळे सगळ्या विषयांचं रिव्हॅल्युएशन टाकतायत, तूही टाक." आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. या तिघांपैकी आजीचा उपाय सर्वात स्वस्त होता, हे मान्य करायला हवं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा ताट घेऊन नातीपाशी बसला. "आधी दोन घास खा. रात्रभर रांगेत बसलेला, उपाशी शेतकरी काट्यावर आला की भांडायचाच. मी त्याला आधी चहा पाजायचो, मग पट्टी दाखवायचो."

"आजोबा, तुम्हाला नाही कळायचं यातलं."

"नसेल कळत. एवढंच सांग, तुझी हरकत वजनाला आहे की भावाला?"

ती उठून बसली, बहुधा चिडूनच.

म्हाताऱ्याने मग दोन शेतकऱ्यांची हकिगत सांगितली. एक जण पट्टी घेऊन तणतणत आला, माल कमी भरला म्हणाला. चौकशी केली तर रिकामी ट्रॉली काट्यावर होती तेव्हा दोन हमाल तिच्यावर बसून राहिले होते. रिकाम्या गाडीचं वजन वाढलं, तेवढा कांदा पट्टीवर घटला. ट्रॉली पुन्हा चढवली, पट्टी दुरुस्त झाली, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी दुसरा शेतकरी तसाच ओरडत आला. त्याचीही ट्रॉली पुन्हा चढवली, पण काटा किलोलाही हलला नाही. नंतर कळलं, त्याचा कांदा लिलावात ९०० रुपयांनी गेला होता आणि शेजाऱ्याचा १३००ने. ते दुःख तो वजनात भरून काढायला आला होता.

"त्याचं दुःख खोटं नव्हतं गं," म्हातारा म्हणाला. "पण मी गाडी परत काट्यावर चढवू शकतो, लिलाव परत नाही लावू शकत."

गोष्ट इथे जरा थांबवून कायद्याचं बोलतो, कारण तोही बराचसा याच वाटेने गेला आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितलं, की नियमांत पुनर्मूल्यांकनाला मनाई असेल तर विद्यार्थ्याला ते हक्क म्हणून मागता येत नाही. पुढे २००५चा माहिती अधिकार कायदा आला, आणि २०११ साली सीबीएसईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरवलं, की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे. ती लिहिणाऱ्याला ती पाहता येते, तिची प्रत घेता येते. म्हणजे पाहण्याचा हक्क पक्का, पुन्हा तपासून घेण्याचा मात्र विद्यापीठाचे नियम देतील तेवढाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांप्रमाणे तक्रार आधी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाते आणि तिथे समाधान झालं नाही तर लोकपालाकडे. पण गुण वाढवून द्या एवढीच मागणी असेल तर लोकपाल ती घेत नाही. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. मापाड्याचाच प्रश्न, फक्त सरकारी भाषेत.

नातीच्या विद्यापीठात आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची आणि मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा, अशी रीत होती. तिने दोन्ही विषयांच्या प्रती मागवल्या. भावाने तोवर सगळ्या विषयांचा अर्ज भरून तयार ठेवला होता. तिने तो पाठवू दिला नाही.

प्रती आल्या. ती त्या घेऊन कॉलेजात गेली आणि गणिताच्या मॅडमपुढे बसली. गणितात प्रत्येक प्रश्नावर खूण होती, बेरीजही बरोबर होती. एका उदाहरणात दुसऱ्याच ओळीत उणेचं चिन्ह गळलं होतं आणि पुढचं पानभर गणित त्या चुकीवर उभं होतं. एका सिद्धतेला तिच्या अपेक्षेपेक्षा दोन गुण कमी होते. मॅडम म्हणाल्या, "मी कदाचित एक जास्त दिला असता. कदाचित नसताही." ऐकायला हे कडू होतं. तिथेच बाकावर बसून ती पुन्हा एकदा रडली, पण पहिल्या दिवसासारखी नाही.

रसायनशास्त्राची गोष्ट वेगळी निघाली. चौथ्या प्रश्नाचा दुसरा भाग तिने पुरवणीत शेवटच्या पानावर लिहिला होता. त्या पानावर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. गुणांच्या तक्त्यात त्या भागापुढची चौकट कोरी.

तिने एकाच विषयाचा अर्ज केला. प्रश्न क्रमांक आणि पान क्रमांक लिहिले, उत्तर तपासायचं राहून गेलं आहे एवढंच म्हटलं. अन्याय, भविष्य, कष्ट यातलं काही लिहिलं नाही. सात गुण वाढले.

पहिला वर्ग तरीही आला नाही. गणिताने तो आधीच नेला होता. मनातलं कॉलेज मिळालं नाही. दुसऱ्या एका कॉलेजात दुसऱ्या यादीत नाव लागलं आणि ती तिथे एम.एस्सी.ला गेली. नवी गुणपत्रिका आली तेव्हा आईने पेढे पुन्हा आणले, या वेळी विचारून. वडिलांच्या मते केस टाकायलाच हवी होती, आणि ते अजून तसं म्हणतात.

तुमच्या घरी असा निकाल आला असेल तर पहिल्या संध्याकाळी कुठलाच अर्ज करू नका, पण अर्जाची शेवटची तारीख त्याच संध्याकाळी भिंतीवर लिहून ठेवा. आधी प्रत मागवा. त्या विषयाच्या शिक्षकांबरोबर बसून ती पानापानाने वाचा. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात का, हे तुमच्या विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहा. आणि पुढच्या प्रवेशाचा अर्ज हातात आहे त्या गुणांवर आजच भरून टाका. पुनर्मूल्यांकनाच्या निकालासाठी प्रवेशाची यादी थांबेलच असं नाही.