जीर्णोद्धाराची मर्यादा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे देवळाशी इतका निगडित झाला आहे की, तो मोटारीला लावलेला पाहून काही वाचकांना हसू येईल. तथापि वर्षानुवर्षे बंद राहिलेली एखादी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो देवळाच्या विश्वस्तापुढील प्रश्नाहून निराळा नाही. जुन्यातले काय बदलावे, काय राहू द्यावे आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा तो प्रश्न होय.

उदाहरणादाखल १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आलेली जॅग्वार ई-टाइप घेऊ. ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे इंजिन असलेली ही वेगवान गाडी वीस वर्षे कोठारात उभी राहिली, तर ती निद्रिस्त भासते; वस्तुतः उभ्या गाडीचेही आयुष्य सरतच असते. सिलिंडरच्या भिंतींवरील तेल ओघळून जाते आणि पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतींना चिकटतात. टाकीतले पेट्रोल उडून जाऊन मागे राळेसारखा चिकटा राहतो व तो कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आतले धातूचे भाग गंजून अडकतात. टायरांची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक होऊन तडकलेले असते. उंदरांनी तारांची काय गत केली असेल, ते वेगळेच.

अशा वेळी बॅटरी जोडून किल्ली फिरवण्याचा मोह अनावर होतो. जाणता मिस्त्री तो आवरतो. स्पार्क प्लग काढून तो प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडतो, काही दिवस ते मुरू देतो आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहतो. कोठे अडले, तर जोर करीत नाही. कारण क्षणाच्या घाईने रिंग मोडते आणि सिलिंडर ओरखडला जातो. इंजिनाचा आवाज ऐकण्याची उत्कंठा आपली असते, गाडीची नव्हे. येथवरची नीती धीराची आहे आणि ती समजण्यास सोपी आहे.

कठीण भाग पुढचा. फिकटलेला रंग, भेगाळलेले कातडे, वर साचलेली धूळ यांचे काय करावे? १९२५ ची एक बुगाटी माज्जोरे सरोवराच्या तळाशी सात दशकांहून अधिक काळ पडून होती. २००९ मध्ये ती वर काढण्यात आली आणि पुढे कॅलिफोर्नियातील एका संग्रहालयाने ती गंजलेल्या स्थितीतच मांडली. फ्रान्समधील एका कोठारात मासिकांच्या ढिगांखाली सापडलेली १९६१ ची फेरारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात धुळीसकट विकली गेली. किंमत दीड कोटी युरोंहून अधिक आली. याउलट, गाडी कारखान्यातून आली त्या दिवशीसारखी झळाळली पाहिजे, असे मानणारेही पुष्कळ आहेत. आपल्याकडेही पाषाणाच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासून जीर्णोद्धार झाला, असे म्हणणारे विश्वस्त आहेतच.

आम्हांस कसोटी अशी वाटते: ज्या भागाच्या निकामी होण्याने दुसऱ्याच्या जिवास धोका आहे, तेथे भावना आड येऊ देऊ नये, ज्याच्या जुनेपणाने केवळ आपला दिमाख उणावतो, तेथे हात आवरावा. ई-टाइपचे मागचे ब्रेक चाकांपाशी नसून मध्यभागी, डिफरन्शियलला लागून आहेत. तेथे पोचण्यास फार खटाटोप पडतो, म्हणून ते तसेच सोडण्याचा मोह होतो. पण मूळच्या म्हणून जुन्या रबरी नळ्या जपणे ही निष्ठा नव्हे. रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवावर केलेली ती हौस आहे. उलट, आसनाच्या कातड्यावरील भेगांनी कोणाचेही वाईट होत नाही. कोणी तरी त्यावर वर्षानुवर्षे बसले होते, एवढीच साक्ष त्या देतात.

बदलणे भाग पडले, तरी एक ऋण उरतेच. नवे ते जुने म्हणून खपवू नये. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिनच्या सनदेत बदललेल्या भागांवर ओळखता येईल अशी, पण डोळ्यांत न खुपणारी खूण असावी, असे सांगितले आहे. केलेल्या कामाची नोंद ठेवण्याचाही तिचा आग्रह आहे. टिप्पणी आणि फाइल यांत आयुष्य घालवणाऱ्या आमच्या वाचकांस या नोंदीचे मोल निराळे सांगावयास नको.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणांपैकी अनेकांचे मूळ गावचे घर कुलुपात आहे. निवृत्तीनंतर ते उघडण्याची वेळ येईल, तेव्हा हाच विवेक लागेल. वाळवीने पोखरलेले वासे आणि विजेच्या जुन्या तारा निःशंकपणे बदलाव्यात, कारण त्या छपराखाली उद्या नातवंडे निजणार आहेत. पाऊलवाटेने झिजलेला उंबरठा मात्र, गुळगुळीत फरशी परवडत असली, तरी तसाच राहू द्यावा.