गंधाचे व्रत : एका जुन्या बाटलीच्या निमित्ताने

सौंदर्यविचारात गंधाला स्वतंत्र स्थान क्वचितच मिळाले आहे. दृष्टी आणि श्रवण ही कलांची इंद्रिये, रसना आणि घ्राण ही उपभोगाची, ही विभागणी पाश्चात्त्य परंपरेत इतकी रूढ आहे की तिचे समर्थन करण्याचीही गरज सहसा वाटत नाही. कांटने मात्र आपला आक्षेप नेमका मांडला. १७९० च्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये शेजाऱ्यांवर लादल्या जाणाऱ्या संगीताची तुलना तो खिशातून काढलेल्या सुगंधी रुमालाशी करतो. १७९८ च्या मानवशास्त्रविषयक ग्रंथात तो म्हणतो की, गंधामुळे इतरांना इच्छा नसतानाही आपल्या सुखात सहभागी व्हावे लागते, म्हणून तो स्वातंत्र्याच्या विरोधी आहे. डोळे मिटता येतात. श्वास मात्र घ्यावाच लागतो. हा आक्षेप वस्तुतः सौंदर्यशास्त्रीय नसून नैतिक आहे. सुगंध लावणाऱ्याचे इतरांशी नाते काय, हा त्यातला प्रश्न आहे. एका अगदी घरगुती प्रसंगाने तो मला नव्याने विचारात घ्यावा लागला.

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या कपाटात ओल्ड स्पाइसची अर्धी बाटली सापडली. दुधी काच, तिच्यावर तांबड्या रंगातले शिडाचे जहाज. वडील वर्ध्याच्या वातावरणात वाढलेले, आयुष्यभर खादी वापरणारे. दाढीनंतरचा हा हातभर दरवळ एवढीच त्यांची चैन, आणि तिच्याविषयी ते थोडे संकोचीही असत. एके दिवशी मी तो लावून आत्याकडे गेलो. तिला आता नीट दिसत नाही. मी ओसरीवर पाऊल टाकताच आतून तिने विचारले, “भाऊ, आले का?” मी म्हणालो, “आत्या, मी आहे.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे लावून नको येत जाऊ.” आणि थोड्या वेळाने, “नाहीतर लाव. पण येताना आधी आवाज देत जा.”

मी तिची फसवणूक केली होती काय? हेतू तसा नव्हता. पण मृत व्यक्तीची खूण अंगावर घेऊन तिच्या बहिणीसमोर उभे राहणे ही कृती केवळ हेतूने निर्दोष ठरत नाही.

येथे पहिला प्रश्न अभिन्नतेचा येतो. हा ‘तोच’ गंध होता का? शुल्टन कंपनीने १९३८ मध्ये पुरुषांसाठी बाजारात आणलेले हे नाव १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गँबलकडे गेले. एकूण सुगंधव्यवसायात नाव तेच ठेवून घटक बदलणे ही नित्याची गोष्ट आहे. कस्तुरीमृगाला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्वचेला अपायकारक ठरलेली काही कृत्रिम कस्तुरीद्रव्ये मागे पडली, ओकवृक्षावरील दगडफुलाच्या अर्कातील काही रेणूंवर युरोपीय संघाने २०१७ मध्ये बंदी घातली. जुनी बाटली जपली तरी मूळ गंध हाती लागतोच असे नाही. हवेच्या संपर्काने त्यातील उडून जाणारे, विशेषतः लिंबूवर्गीय, अंश आधी बिघडतात. म्हणजे नवी बाटली हा सुधारलेला पाठ, आणि जुनी ही झिजलेली पोथी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, तेव्हापासून मराठी अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. मूळ संहिता ही बहुधा हाती असलेली वस्तू नसते, ती अनुमानाने उभी करावी लागते.

परंतु आत्याने संहिताचिकित्सा केली नव्हती. तिने माणूस ओळखला होता. ‘वासना’ या शब्दाचा एक जुना अर्थ येथे उपयोगी पडतो. फुलांच्या सहवासात ठेवलेले तीळ सुवासिक होतात, फुले गेल्यावरही तेलात तो वास उरतो. असंगाच्या ‘महायानसंग्रहा’त चित्तावरील संस्कारासाठी हाच दृष्टांत येतो. मी बाटलीतले चार थेंब घेऊन गेलो; उरलेला गंध आत्याजवळच होता. म्हणून ‘माझ्या अंगावरचा सुगंध ही माझी खाजगी बाब’ हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा प्रश्न संयमाचा. गांधीजींच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ आहे, ‘स्पर्शभावना’ आहे. घ्राणेंद्रियासाठी वेगळे व्रत नाही. या दोन व्रतांची जात मात्र भिन्न आहे. अस्वाद हा स्वतःच्या जिभेवरचा ताबा. स्पर्शभावना म्हणजे अस्पृश्यतेचा त्याग, इतरांशी असलेल्या नात्याची दुरुस्ती. गंधाचे व्रत कल्पायचे झाले तर ते कोणत्या जातीचे असावे? आपण सहसा ते अस्वादाच्या बाजूला ठेवतो आणि अत्तर म्हणजे चैन, असे म्हणून थांबतो. वडिलांचा संकोच याच समजुतीतला होता. न्यायवैशेषिकांचे मत वेगळ्या दिशेला नेते. त्यांच्या मते गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, आणि द्रव्याचे सूक्ष्म अंश नाकापर्यंत पोचल्यावाचून त्याचे ज्ञान होत नाही. तसे असेल तर वास घेणे हा एक प्रकारचा स्पर्शच होय, आणि गंधाचे व्रतही स्पर्शभावनेच्या बाजूचे ठरते.

वर्ध्याच्या इतिहासात याला आधार आहे. १९३० च्या दशकात शहरालगतच्या नालवाडीत चर्मालय सुरू झाले. मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचे, विशिष्ट जातींवर लादलेले काम गोपाळराव वाळुंजकरांसारख्या कार्यकर्त्यांनी आपण होऊन पत्करले. विटाळाची कल्पना ग्रंथांत असेल, पण रोजच्या व्यवहारात ती नाकात असते. तेथपर्यंत पोचण्याचा हा प्रयत्न होता. अर्थात त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ज्याने तो वास पत्करला त्याला तो सोडताही येत होता. ज्यांच्यावर तो लादला होता त्यांना नाही. संतकाव्यातील परिमळ आणि भावगीतांतील दरवळ यांनी घडलेल्या मराठी रसिकतेला ही बाजू ‘बलुतं’ (१९७८) व त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी दाखवून दिली. सुवास लावणे हे पुष्कळदा दुसऱ्याच्या घामापासून घेतलेले अंतर असते. कांटला लादलेल्या सुगंधाची अडचण वाटली; लादलेल्या दुर्गंधीचा विचार त्या आक्षेपात बसत नाही.

तेव्हा सुगंध वर्ज्य की विहित, हा प्रश्न मला गौण वाटतो. तो लावल्याने माझ्यात आणि समोरच्यात भिंत उभी राहते की ओळख, आणि त्या ओळखीची जबाबदारी मी घेतो की नाही, हे महत्त्वाचे. आत्याने सुगंध नाकारला नाही. त्याच्यामागे कोण आहे हे आधी सांगावे, एवढीच तिची अट होती. अस्वादापेक्षा ती सत्याच्या व्रताशी जवळची आहे.

बाटलीत अजून थोडे शिल्लक आहे. आत्याकडे जाताना मी कधीकधी ते लावतो, आणि फाटकातूनच हाक मारतो.