घरच्या पडद्यापुढचा न्याय

आपल्याकडे न्याय देण्याची हौस मोठी आणि खटला ऐकून घेण्याची सवय थोडी. याचा पुरावा हवा असेल तर कोणत्याही घरात चित्रपट लागला असता तासभर बसून पाहावे. एकजण मध्येच चहाला उठतो, दुसरा फोनवर बोलून येतो, तिसऱ्याची सुरुवातच चुकलेली असते. पण शेवटची पाटी पडद्यावर येण्याच्या आत तिघांचेही निकाल तयार असतात. ‘टुकार आहे’, ‘उगाच लांबवलंय’, ‘चूक त्या बाईचीच’! अशा अर्ध्यामुर्ध्या पाहण्यावर निकाल देण्याचा नैतिक अधिकार माणसाला असतो काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी माणसाला तो तसा नाही. उज्जैनला शिंदेशाहीपासून मराठी घरे आहेत आणि आमच्या फ्रीगंजमध्येही ती नांदत आली आहेत. येथील चित्रपटगृहांचा कारभार मुख्यतः हिंदी. मराठी चित्रपट भेटायचा तो घरीच. १९८०च्या दशकात दूरदर्शन रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवी, तेव्हा आणि पुढे कॅसेटवर, वाहिन्यांवर. आता तर हातातल्या फोनवर. म्हणजे घर हेच थिएटर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे हीच समीक्षा! ज्या मुलांचे शिक्षण हिंदी-इंग्रजीत होते, त्यांना मराठी कलाकृतीविषयीचे पहिले मत तेथेच मिळते. पुष्कळदा शेवटचेही तेथेच.

सामान्य प्रेक्षकाला बोलण्याचा हक्क नाही, असे म्हणणारा मी नव्हे. चित्रपट त्याच्यासाठीच काढलेला असतो. ज्या कालिदासाच्या नावाने उज्जैनला १९५८पासून समारोह भरतो, त्याचेच उदाहरण घ्या. ‘मालविकाग्निमित्र’च्या आरंभी सूत्रधाराला त्याचा साथीदार विचारतो की, भासासारखे नामवंत असताना या हयात कवीचे नाटक कशाला? उत्तराचा आशय असा : जुने म्हणून सगळे चांगले नसते, नवे म्हणून टाकाऊ नसते; जाणता पारखून घेतो, मूढ दुसऱ्याच्या मताने चालतो. म्हणजे स्वतःचे मत असणे हा दोष नाही, ते कर्तव्यच आहे. पण त्यात ‘पारखून’ ही अट आहे. हक्क सर्वांना, मात्र अटीसह.

आमच्या नगरीचीच दुसरी कथा विक्रमाच्या सिंहासनाची. एका टेकाडावर बसून गुराख्याचा पोर अचूक न्याय देई. खाली उतरला की पुन्हा साधा पोर. खणून पाहिले तर खाली विक्रमाचे सिंहासन निघाले. घरच्या सोफ्यालाही तसाच काही गुण असावा, अशी आपली समजूत झालेली दिसते! फरक इतकाच की, त्या पोरापुढे वादी-प्रतिवादी दोघेही उभे असत आणि त्यांचे म्हणणे तो शेवटपर्यंत ऐकून घेई. उत्तरपत्रिकेचे पहिले पान वाचून गुण देणाऱ्या परीक्षकाला आपण काय म्हणू?

२००४ साली ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीला हा मान लाभला. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे कळलेला आजोबा रुग्णालयात वाट पाहतो, धडपडतो. घरच्या प्रेक्षकाचा शेरा : ‘फार संथ आहे.’ पण तो संथपणा कोणाचा? रुग्णालयात वाट पाहणाऱ्याचा वेळ असाच जातो. रिमोटने तो पळवायचा आणि मग काळजाला भिडले नाही म्हणायचे, यात दोष चित्रपटावर कसा टाकता येईल? ‘मला कंटाळा आला’ हे प्रामाणिक विधान आहे. ‘चित्रपट कंटाळवाणा आहे’ हा निकाल झाला. या दोहोंतील अंतर आपण फार सहज ओलांडतो.

तरीही, दिग्दर्शकावर अन्याय झाला तर त्याचे फारसे बिघडत नाही. आपले मत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. खरी गोष्ट पुढेच आहे. १९८२चा जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ घ्या. स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा महिलाश्रमाचे काम पत्करते आणि त्यासाठी नवरा, लहान मुलगी, सुखवस्तू घर मागे ठेवून जाते. हा चित्रपट घरी लागला की कोणीतरी म्हणतेच, ‘लेकराला टाकून जाणारी कसली आई?’ म्हणणारा विसरून झोपी जातो. पण त्याच खोलीत पोळ्या आटोपून दाराशी टेकलेली सून असते, अभ्यासाचे पुस्तक मिटून बसलेली मुलगी असते. त्या दोघींना सुलभाविषयी काही कळत नाही, स्वतःविषयी कळते. उद्या नोकरीसाठी परगावी जायचे झाले तर या घरात काय ऐकावे लागेल, हे त्यांना आजच समजते. चित्रपटगृहातल्या अंधारात शेजाऱ्याचा शेरा विरून जातो. घरात तो विरत नाही, कारण बोलणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्याला आयुष्य काढायचे असते.

सुलभा चुकली असे वाटू नये, असे मी म्हणत नाही. वाटू शकते, आणि चित्रपटही तिला सोपे उत्तर देत नाही. पण मग ती का गेली, त्या घरात तिला कशाची उणीव होती, आश्रमातल्या बायकांचे तिने काय पाहिले, एवढे तरी आपण पाहिलेले असावे. ते पाहिल्यावरही मत कायम राहिले, तर ते बोलावे. आणि दाराशी उभी असलेली काय म्हणते, तेही विचारावे. पडद्यावरच्या माणसाबद्दल आपण जितक्या घाईने बोलतो, तितक्याच घाईने शेजारच्या माणसाबद्दल बोलायला शिकतो. मनोरंजनाच्या नावाखाली ही सवय घराघरांत रोज दोन-अडीच तास गिरवली जाते, हे ध्यानात असलेले बरे.