ओट्याची उंची

गृहस्थाश्रमांत काटकसरीला सद्गुणांमध्यें जें स्थान आहे, तें सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. औदार्याच्या पोटीं कधीं कीर्तीची हांव असते आणि धैर्याच्या पोटीं कधीं निव्वळ अविचार असतो, हें नीतिशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षींच शिकतो. परंतु काटकसर मात्र आपल्या मध्यमवर्गांत अशी कांहीं सोंवळ्यांत बसलेली असते कीं, तिला "बाई, तूं कोणाच्या जिवावर जगतेस?" असें विचारण्याची कोणाची छाती होत नाहीं. आम्हांलाहि हा प्रश्न पुष्कळ उशीरां सुचला. आणि तोहि ग्रंथालयांत नव्हे, तर डोंबिवलीच्या आमच्या घरांतील स्वयंपाकघरांत, पाठींत कळ आली म्हणून सुचला, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

आमचें घर येथील शेंकडों घरांसारखेंच आहे. १९९८ सालीं तें घेतलें तेव्हांहि इमारत नवी नव्हती. स्वयंपाकघर आठ फूट बाय सात. एका भिंतीला काळ्या कडप्प्याचा ओटा, जमिनीपासून बरोबर ३० इंच. त्याच्या टोकाला भांडीं घासण्याची जागा, डोक्यावर माळा, आणि छताच्या मध्यभागीं एकच दिवा. पावसाळ्यांत पश्चिमेची भिंत ओल धरी, म्हणून तीन-चार वर्षांनीं तिला रंगाचा हात द्यावयाचा, एवढाच काय तो पंचवीस वर्षांतला जीर्णोद्धार. "ओटा जरा बुटका आहे, आणि दिवा पाठीमागें असल्यामुळें चिरतांना माझीच सावली माझ्या हातांवर पडते," असें आमच्या सौभाग्यवतींनीं पहिल्याच वर्षीं सांगितलें होतें. "पाहूं, पुढच्या दिवाळीला," असें आम्ही म्हणालों. दिवाळ्या येत गेल्या, फडके रस्त्यावरची तरुण मंडळींची गर्दी दरसाल वाढत गेली, आणि ओटा ३० इंचांवरच राहिला. याच मुदतींत आम्हीं पुस्तकांचीं दोन कपाटें व लिहिण्याचें एक मेज करवून घेतलें. मेजासाठीं सुतारानें आम्हांला खुर्चीवर बसवून जमिनीपासून कोपरापर्यंतचें माप घेतलें होतें. त्यांत आम्हांला कांहीं विशेष वाटलें नव्हतें.

ओटा ही वस्तु आपल्याकडे तशी फार पुरातन नव्हे. आमच्या आजीच्या पिढीचा स्वयंपाक बसून होई. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. रॉकेलचा स्टोव्ह आला, पुढें १९५५ च्या सुमारास मुंबईंत बर्शेन गॅसचीं नळकांडीं आलीं, आणि शेगडी हळूहळू ओट्यावर चढली. तिच्यापुढची बाईहि मग उभी राहिली. जमिनीवर बसणाराला मापाची फारशी अडचण नसते, कारण जमीन सर्वांना सारखीच; उभें राहून काम करणाराचें मात्र माप घ्यावें लागतें. शेगडी ओट्यावर ठेवली म्हणजे तिच्यावरील भांड्याचा कांठ आणखी सात-आठ इंच वर जातो, म्हणून ढवळणाराला ओटा थोडा खालीं असलेला सोयीचा. पण कणीक मळणें, पोळ्या लाटणें, भाजी चिरणें हीं कामें खुद्द ओट्याच्या पातळीवर होतात, आणि तेथें ओटा कोपराच्या खालीं चार-सहा बोटेंच असावा लागतो. नाहींतर पाठ वांकते. दिवसाला पंधरा पोळ्या धरल्या तरी पंचवीस वर्षांत ती किती वेळां वांकली असेल, हा हिशेब आम्हीं केला नव्हता. आमच्याकडे दुधाचा, वाण्याचा आणि वर्तमानपत्राचा हिशेब मात्र चोख असे.

दोन-तीन वर्षांपूर्वीं सौभाग्यवतींना त्यांच्या आईच्या आजारपणासाठीं तीन आठवडे साताऱ्यास जावें लागलें. त्या स्वतः बँकेंत नोकरी करतात. रजा काढून गेल्या. आम्हीं बाहेरचें न खाण्याचा निश्चय केला, कांहीं अंशीं काटकसरीनें आणि कांहीं अंशीं अहंकारानें. आमची उंची पांच फूट नऊ इंच. पहिल्या आठवड्यांत कंबर धरली, दुसऱ्यांत मानेपर्यंत कळ गेली, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारीं आम्हीं गवंड्याला बोलावून आणलें. ही गोष्ट लिहितांना आम्हांला लाज वाटते, पण ती गाळली तर निबंधच खोटा होईल. जें वाक्य पंचवीस वर्षें कानांवर पडत होतें, त्याचा अर्थ आम्हांला स्वतःच्या मणक्याकडून कळला. सौभाग्यवती परत आल्या, गवंड्यानें आंखलेली खडूची रेघ त्यांनीं भिंतीवर पाहिली, आणि एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे ओटा बुटका आहे तर!"

ती रेघ चुकीची होती, हें निराळेंच. गवंडी फीत हातांत घेऊन उभा राहिला, तेव्हां त्यानें विचारलें होतें, "साहेब, ओटा कोणाच्या मापाचा?" आणि आम्हीं क्षणभरहि विचार न करतां आपला हात कोपरांत दुमडून दाखविला होता. सौभाग्यवतींच्या मापानें ती रेघ पांच इंच खालीं आली.

खर्चाचें थोडक्यांत सांगतों. स्वयंपाकघरें सजवून देणाऱ्या एका गृहस्थानें पावणेतीन लाखांचा अंदाज दिला होता. त्यांत चकचकीत फळ्यांचीं कपाटें पुष्कळ होतीं आणि उंचीचा उल्लेख नव्हता. आम्हीं जुना कडप्पा तसाच ठेवला. त्यावर विटांचा एक आडवा थर, त्यावर शीळ रस्त्यावरून आणलेली ग्रॅनाइटची लादी, मिळून चार इंच. भांडीं घासण्याची जागा व नळ तेवढेच वर घेतले, फळीच्या खालीं हातांवर उजेड पडेल अशा दोन पट्ट्यांच्या दिव्या लावल्या, आणि खिडकींत धूर-वाफ बाहेर टाकणारा पंखा बसविला. सारें २६,००० रुपयांत झालें. पंचवीस वर्षांवर वांटले तर महिन्याला ८७ रुपये. १९९८ च्या भावानें तर त्याहूनहि कमी. एवढ्यासाठीं आम्ही काटकसरी म्हणवून घेत होतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. अर्थशास्त्राला इंग्रजींत जो शब्द आहे त्याचें मूळ 'घर' या अर्थाच्या ग्रीक शब्दांत आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या राजनीतीवरील ग्रंथांत गृहव्यवस्थेचा विचार केला, पण तो घरधन्याच्या बैठकीवरून. उपकरणें कांहीं निर्जीव व कांहीं सजीव, आणि दास हा सजीव उपकरणांत मोडणारा, अशी त्याची मांडणी आहे. पत्नीला तो दासाहून वेगळी मानतो, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तथापि उपकरणाची झीज हिशेबांत धरावी हें ज्या व्यापाऱ्याला कळतें, त्यालाच घरांतील माणसाची झीज हिशेबाबाहेर ठेवतांना कांहीं वाटत नाहीं, ही विसंगति त्या ग्रीक पंडिताबरोबर संपलेली नाहीं. भारत सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली. तींत घरचें बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें वेळ जातो आणि तें काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटें, असें आढळलें. शिवाय पुरुषांपैकीं असें काम करणारे सुमारें चौथा हिस्साच निघाले. या श्रमाला रुपयांत मोल लागतें तें बहुधा न्यायालयांत, आणि ती स्त्री गेल्यावर. जमशेदपूर येथें १९८९ सालीं एका समारंभांत आग लागून अनेक जीव गेले. त्या प्रकरणीं २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या सेवेचें मूल्य दरमहा ३,००० रुपये धरलें. आमचे ८७ रुपये त्याच्या शेजारीं मांडून पाहावे.

कोणी म्हणेल, आमच्या आयांनीं धुरांत बसून रांधलें, त्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं. संतोष हेंहि एक मूल्य आहे. तें आम्हांला मान्य आहे. परंतु संतोष ज्याचा त्यानें धरावयाचा असतो. दुसऱ्याच्या वतीनें संतोष मानून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? स्वतःची चैन सोडून जो पैसा वांचवितो त्याची काटकसर खरी. जो दुसऱ्याच्या पाठीवर वांचवितो तो उधारीवर जगतो, आणि धनको घरांतलाच असल्यामुळें तगादा लागत नाहीं, एवढेंच.

यावर नुसतें शास्त्रीय माप हा पुरा उपाय होतो असेंहि नाहीं. १९२६ सालीं फ्रँकफुर्ट शहरांतील स्वस्त घरांसाठीं मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनीं एक स्वयंपाकघर आंखलें. रुंदी दोन मीटरांहूनहि कमी, लांबी साडेतीन मीटरांच्या आंत, हालचाल व वेळ मोजून प्रत्येक वस्तु जागच्या जागीं. अशीं सुमारें दहा हजार बसविलीं गेलीं. त्यापूर्वीं आपण कधीं स्वयंपाक केला नव्हता, असें त्या बाईंनींच पुढें सांगितलें. त्यांनीं मोजलें व विचारलें, हें त्यांचें मोठेपण. पण खोली इतकी नेमकी झाली कीं, तींत दुसऱ्या माणसाला उभें राहण्यास जागा उरली नाहीं. आमचा ओटा उंच झाल्यावर आम्हीहि पुष्कळ दिवस दारांतूनच त्याचें कौतुक करीत होतों.

अलीकडे सौभाग्यवतींची बदली दूरच्या शाखेंत झाली. सकाळीं सातची गाडी धरावी लागते. म्हणून पोळ्यांना एक बाई येतात. आम्ही भाजी करतों, त्या पोळ्या करतात. त्यांची उंची पांच फुटांनाहि बरीच कमी. पहिल्याच दिवशीं त्या नव्या ओट्यापुढें उभ्या राहिल्या, लाटणें एकदां फिरवून पाहिलें, आणि म्हणाल्या, "काका, घरांत एखादा पाट आहे का?" माळ्यावर आमच्या आईच्या वेळचा शिसवी पाट होता, तो काढून दिला. तेव्हांपासून त्या रोज पाटावर उभ्या राहून लाटतात, तव्याकडे वळतांना खालीं उतरतात, पुन्हां वर चढतात. पंधरा पोळ्यांना पंधरा वेळां. परवां आम्हीं तिकडे पाहत आहों असें दिसतांच त्या म्हणाल्या, "मला संवय आहे, काका." आम्हीं फीत काढून ठेवली आहे, गवंडी गांवीं गेला आहे, गणपतीनंतर येणार आहे.